मूत्रगळती : स्त्रियांचे आधारगट

खोकताना, शिंकताना, वजन उचलताना लघवी गळते किंवा घाईची लागली की संडासापर्यंतही धीर निघत नाही, अशा स्त्रियांनी एकमेकींसाठी चालवलेला गट. पहिल्या त्रासाला ताणाची, दुसऱ्याला घाईची गळती म्हणतात. अनेकींना दोन्ही असतात. अमेरिकेत सायमन फाउंडेशनने १९८०च्या दशकात ‘आय विल मॅनेज’ या नावाने असे गट उभे केले.

गटाचा खरा उपयोग व्यायाम टिकवण्यात आहे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा हा व्यायाम आर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये मांडला. वारा सरू नये म्हणून आवळतो तसे मागून पुढपर्यंत आवळून आत आणि वर ओढायचे, जमेल तितके सेकंद धरायचे (हळूहळू १० पर्यंत) आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. एका वेळी निदान ८ आवळण्या, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने. पहिले काही आठवडे फरक जाणवत नाही आणि अनेकींचा व्यायाम तिथेच सुटतो. दर आठवड्याला भेटणाऱ्या बायका हा काळ तरून जातात. कॅनडात साठीपुढच्या ३६२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ-आठ जणींच्या गटाला फिजिओथेरपिस्टने १२ आठवडे शिकवले. वर्षानंतर त्यांची गळती एकेकटीने शिकलेल्यांइतकीच कमी झालेली होती.

चुका ठरलेल्या असतात : श्वास कोंडणे, कुल्ले-मांड्या आवळणे आणि सर्वांत वाईट म्हणजे कुंथणे. कुंथल्याने जोर खाली जातो आणि त्रास वाढू शकतो. घरी आरसा धरून पाहावे. योनी आणि गुदद्वार यांमधली जागा आत ओढली गेली तर बरोबर, बाहेर फुगली तर चूक. धार अडवून रोज सराव करू नये, मूत्राशय नीट रिकामे होत नाही. खोकला येतोय असे वाटताच आधी आवळून धरण्याची सवय मात्र लगेच लावावी.

प्रत्येकीने ३ दिवसांची नोंद आणावी : काय आणि किती प्यायले, मापाच्या भांड्यात किती मिलिलिटर लघवी झाली, केव्हा गळली. भीतीने पाणी तोडणाऱ्या बायका या वहीतच सापडतात. पाणी तोडले की लघवी दाट होऊन जळजळते, बद्धकोष्ठ होतो आणि घाई वाढते. उलट दिवसभर चहा चालू असेल तर आधी तो कमी करावा. घाईच्या गळतीत लघवीला जाण्याच्या दोन वेळांमधले अंतर थोडेथोडे, १५ मिनिटांनी वाढवतात. याला किमान ६ आठवडे लागतात.

जागा संडासाजवळची हवी. सासू-सून किंवा जावा शक्यतो एकाच गटात नसाव्यात, मोकळे बोलणे होत नाही. निदान करणे गटाचे काम नाही. लघवीत रक्त, लघवी तुंबणे, सतत ठिबकणे, अंग बाहेर येणे किंवा पाय बधिर होणे दिसले तर त्या बाईला व्यायामात न अडकवता डॉक्टरकडे पाठवावे. लघवी अचानक तुंबली किंवा पायांसोबत जांघेतही बधिरपणा आला, तर त्याच दिवशी.