प्रशिक्षणात जायबंदी झालेल्या जवानाची अपंगत्व पेन्शन: कागद कुठून जमवायचे

ऑब्स्टॅकल कोर्सवर उडी चुकते, गुडघा फिरतो. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या उपचार कक्षात, पट्टी बांधून घेऊन रिक्रूट दुसऱ्या दिवशी पुन्हा परेडला उभा राहतो. पुढे त्याच गुडघ्यापायी बोर्ड आउट व्हायची, म्हणजे मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवून सेवेतून बाहेर पडायची पाळी येते, तेव्हा त्या दिवसाची नोंदच सापडत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो.

ती नोंद म्हणजे इंज्युरी रिपोर्ट, फॉर्म आयएएफवाय-२००६. दुखापत काय आहे ते डॉक्टर लिहितात. ती ड्युटीवर झाली की नाही, ते कमांडिंग ऑफिसर सहीनिशी नोंदवतात. दुखापत गंभीर असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे सैन्याची अंतर्गत चौकशीही बसते. मुलगा ट्रेनिंग सेंटरला असेल तर घरच्यांनी त्याला आजच सांगावं: लंगडत परेड करू नकोस, आधी रिपोर्ट भरून घे.

पात्रतेच्या मुख्य अटी दोन. अपंगत्व सैनिकी सेवेमुळे आलेलं किंवा सेवेमुळे बळावलेलं हवं, आणि मेडिकल बोर्डाने ते किमान २० टक्के ठरवलेलं हवं. नियमित भरतीतल्या रिक्रूटलाही हा हक्क आहे; २०२२ पासून अग्निपथ योजनेत भरती झालेल्या अग्निवीरांना मात्र ही पेन्शन नाही. भरतीच्या वेळी दोष नोंदवलेला नसेल, तर नंतरचा आजार सेवेमुळेच आला असं मानावं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात दिला. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू आहेत, तेव्हा आपण सेवेतून कोणत्या तारखेला सुटलो, ते आधी बघा. एनडीए, आयएमए अशा अधिकारी घडवणाऱ्या संस्थांतल्या कॅडेटना पेन्शनऐवजी सानुग्रह रक्कम मिळते. त्यांचा मार्ग वेगळा.

बोर्ड आउट होताना कागद साधारणपणे युनिटमार्फत रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला जातात. पेन्शन मंजूर झालीच नसेल तर रेकॉर्ड ऑफिसलाच लेखी अर्ज करा. सोबत डिस्चार्ज बुक, इंज्युरी रिपोर्ट, मेडिकल बोर्डाची कार्यवाही आणि हॉस्पिटलचे डिस्चार्ज कागद जोडा. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते.

नकार आला तर पत्राची तारीख जपा. पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं असतं, त्यानंतर दुसरं. तिथेही दाद लागली नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचं एक खंडपीठ मुंबईत बसतं. अपिलात नुसती हलाखी मांडू नका. बोर्डाने ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारला असेल, तर त्याच्यासमोर इंज्युरी रिपोर्टमधली ‘ड्युटीवर’ ही नोंद तारखेसकट ठेवा.