क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स: बंद पडलेले आणि चालू असलेले

‘क्वाड सिटी स्टीमव्हीलर्स’ या बंदिस्त स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या संघाचं नाव शोधलं की एकीकडे ‘२००९ साली बंद पडलेला संघ’ असं वाचायला मिळतं आणि दुसरीकडे त्याच संघाच्या सामन्यांची तिकिटं विक्रीला असतात. दोन्ही माहिती खरी, कारण संघ दोन आहेत. गाव तेच, स्टेडियम तेच, मिसिसिपीवरच्या चाकाच्या आगबोटींवरून घेतलेलं नावही तेच. खेळ मात्र वरवर दिसतो तितका सारखा नाही.

आयोवा आणि इलिनॉय या राज्यांच्या सीमेवर, नदीच्या दोन्ही काठांना लागून असलेल्या शहरांच्या पुंजक्याला क्वाड सिटीज म्हणतात. सामने होतात ते इलिनॉयच्या बाजूच्या मोलीनमध्ये. (पुण्याजवळ सणसवाडीला ज्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे, त्या जॉन डिअरचं मुख्यालय याच गावात.) १९९३ साली उघडलेल्या इथल्या बंदिस्त स्टेडियमचं मूळ नाव ‘द मार्क’. पुढे प्रायोजकांप्रमाणे ते दोन-तीनदा बदललं, म्हणजे जुन्या बातम्या वाचताना गोंधळात आणखी भर.

जुना संघ मैदानात उतरला २००० साली. बंदिस्त जागेतल्या अमेरिकन फुटबॉलचा ‘अरीना’ हा प्रकार ज्याच्या डोक्यातून निघाला तो जिम फॉस्टर या संघाच्या स्थापनेमागे होता. १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये इनडोअर सॉकरचा सामना पाहता पाहता त्याने हातातल्या लिफाफ्यावरच नव्या मैदानाचा आराखडा काढला. त्यातून १९८७ मध्ये चार संघांची अरीना फुटबॉल लीग उभी राहिली. तिचीच दुय्यम लीग म्हणजे २००० साली १५ संघांनिशी सुरू झालेली ‘एएफ२’. छोटी शहरं, स्वस्त तिकिटं आणि खेळाडूला सामन्यामागे साधारण २०० डॉलर. एवढ्यात घर चालत नाही, त्यामुळे पोटापाण्याची दुसरी सोय लागायचीच.

पहिल्याच मोसमात प्रशिक्षक फ्रँक हेगी यांचा हा संघ एकही सामना हरला नाही. साखळीत १६ पैकी १६, बाद फेरीत ३ पैकी ३. अंतिम सामन्यात टेनेसी व्हॅली व्हायपर्सना ६८-५९ असं हरवून त्यांनी पहिला अरीनाकप, म्हणजे एएफ२चं अजिंक्यपद, घेतला. पुढच्या वर्षी रिचमंड स्पीडवर ५५-५१ अशी मात करून दुसराही. त्यानंतर मात्र कप या गावात आला नाही. माझ्या मते संघाची खरी गोष्ट त्या दोन वर्षांतच संपते, बाकीची आठ वर्षं नुसती तग धरण्याची.

संघ बंद पडला त्याचं कारण मैदानाबाहेरचं होतं. २००८च्या डिसेंबरात मोठ्या लीगने, म्हणजे अरीना फुटबॉल लीगने, पुढचा मोसमच रद्द केला. एएफ२मध्ये निम्म्याहून किंचित जास्त मालकी तिचीच. दुय्यम लीगने २००९चा मोसम कसाबसा पार पाडला, पण ऑगस्टमध्ये मोठी लीग दिवाळखोरीत गेली आणि सप्टेंबरमध्ये एएफ२चाही गाशा गुंडाळला गेला. स्पोकेन, टल्सा, आयोवा असे काही संघ नव्याने उभ्या राहिलेल्या लीगमध्ये शिरले. क्वाड सिटी त्यांच्यात नव्हता.

नवा संघ २०१८चा. पहिला मोसम तो चॅम्पियन्स इनडोअर फुटबॉलमध्ये खेळला, २०१९पासून इनडोअर फुटबॉल लीगमध्ये. इथे बरेच जण ‘अरीना’ आणि ‘इनडोअर’ एकच समजून पुढे जातात. दोन्हींत मैदान साधारण ५० यार्डांचं, म्हणजे नेहमीच्या निम्मं. दोन्हींत मैदानाच्या कडेला गाद्या लावलेला कठडा आणि भराभर होणारे टचडाउन (चेंडू समोरच्या टोकापलीकडे नेऊन मिळवलेले गुण). फरक गोलपोस्टपाशी आहे.

जुना संघ खेळायचा त्या अरीना फुटबॉलमध्ये खांबांमधलं अंतर फक्त ९ फूट, आणि खांबांच्या दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद, ३२ फूट उंच अशी ताणलेली जाळी. फील्ड गोलचा, म्हणजे किक मारून चेंडू खांबांमधून घालवण्याचा, नेम चुकून चेंडू जाळीवर आदळला की कॅरमच्या सोंगटीसारखा उलटा येतो आणि खेळ चालूच राहतो. बचाव करणारा तो झेलून थेट समोरच्या टोकाकडे पळू शकतो. पासचंही तसंच, जाळीवरून परतलेला चेंडू जमिनीला लागण्याआधी पकडला तर झेल पक्का. किक मारणाऱ्या संघाला म्हणूनच ‘चुकली तर चुकली’ असं म्हणून चालत नाही, चेंडू हवेत असतानाच परत फिरून टॅकलची, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडण्याची, तयारी ठेवावी लागते.

या जाळीचं पेटंट फॉस्टरला १९९० साली मिळालं. इतर लीगना ती लावता येईना, मग त्यांनी जाळी वगळून नियम बसवले आणि खेळाला ‘इनडोअर’ म्हटलं. पेटंटची मुदत २००७ साली संपली, तोवर जाळीविना खेळायची सवय पडून गेली होती. नवे स्टीमव्हीलर्स याच दुसऱ्या घराण्यातले. त्यांच्याकडे किक चुकली की चुकली, परतून आलेल्या चेंडूमागची ती धावाधाव नाही. मला विचाराल तर खेळातली निम्मी गंमत तिथेच गेली, पण जाळीमुळे सामना नशिबावर जातो असं म्हणणारेही आहेत.

तेव्हा जुना फोटो हाती आला तर आधी गोलपोस्टच्या दोन्ही बाजू बघा. आणि कुणी ‘स्टीमव्हीलर्स दोनदा अजिंक्य’ म्हणालं, तर ते दोन्ही कप २००० आणि २००१चे, जुन्या संघाचे. नवा संघ २०२२ साली अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. नेवाडातल्या हेंडरसनमध्ये नॉर्दर्न अॅरिझोना रँग्लर्सनी तो ४७-४५ असा जिंकला.