‘विशाखा समिती’ची पाटी कुठून आली?

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीसाठी महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत आजही ‘विशाखा समिती’ अशीच पाटी दिसते. कायद्यात ‘अंतर्गत तक्रार समिती’, पुढे ‘अंतर्गत समिती’ असं नाव येऊन दहा वर्षं उलटून गेली, पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव काही हलत नाही. माझ्या कॉलेजातल्या पाटीवर अध्यक्ष म्हणून ज्या मॅडमचं नाव होतं, त्या दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाल्या होत्या. खाली दिलेला फोन नंबर थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये वाजायचा.

विशाखा ही कुणी व्यक्ती नव्हे, राजस्थानातली महिलांची संघटना. जयपूरजवळच्या भटेरी गावात भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या म्हणून काम करायच्या. बालविवाह थांबवायला गेल्याचा राग धरून 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या न्यायालयाने 1995 मध्ये आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. त्याआधीच, 1992 मध्ये, विशाखा आणि इतर संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात वेगळाच प्रश्न नेला: नोकरीच्या कामापायी बाईवर असा प्रसंग ओढवत असेल, तर तिला काम देणाऱ्याची काही जबाबदारी आहे की नाही? 13 ऑगस्ट 1997 च्या निकालात न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. तक्रार समिती हवी, प्रमुख बाई हवी, किमान निम्म्या सदस्य बायका हव्यात आणि एक माणूस संस्थेबाहेरचा हवा. या शेवटच्या अटीचं महत्त्व ज्याने आतल्या आत मिटवलेलं प्रकरण पाहिलंय त्यालाच कळेल.

ही चौकट मुळात नोकरीच्या जागेसाठी होती. विद्यार्थिनी पगार घेत नाही, उलट फी भरते. पण तिच्या गाईडने सही अडवली तर तिची तीन-चार वर्षं वाया जातात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने 1999 मध्ये स्वतःची समिती उभारली, तिच्यात विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधीही बसायचे. पुढे अनेकांनी नमुना म्हणून तिच्याकडे पाहिलं. 2017 मध्ये विद्यापीठाने तीच समिती मोडीत काढली आणि कायद्यात सांगितलेली अंतर्गत समिती आणली. त्यावरून मोठा वाद झाला आणि माझ्या मते तो रास्त होता.

दरम्यान, बहुतेक ठिकाणी ‘विशाखा’ कागदावरच होती. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी अशी एकेक प्रकरणं मांडून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयाने ते याचिका म्हणून दाखल करून घेतलं. त्यातला 2004 चा आदेश फारसा कुणाच्या लक्षात नाही, पण तक्रार करणारीच्या दृष्टीने तो फार मोलाचा. तोवर कित्येकदा समिती चौकशी करायची, दोष दिसला असं लिहून द्यायची आणि मग संस्था शिस्तभंगाची वेगळी खातेनिहाय चौकशी पहिल्यापासून सुरू करायची. म्हणजे त्या मुलीने तेच सगळं दुसऱ्यांदा, नव्या माणसांसमोर, नव्या उलटतपासणीत सांगायचं. न्यायालयाने सांगितलं की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या चौकशीचा अहवाल धरावा. अंतिम निकाल 2012 च्या ऑक्टोबरमध्ये आला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी दिल्लीतल्या बलात्काराच्या घटनेने देश हादरला. कामाच्या जागी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा 2013 मध्ये झाला आणि त्या वर्षीच्या 9 डिसेंबरपासून लागू झाला. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच सुमारास नेमलेल्या कृतिगटाचा ‘सक्षम’ अहवाल आला आणि 2016 च्या मे महिन्यात आयोगाचे स्वतंत्र नियम लागू झाले. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही. प्रकरणात विद्यार्थी असतील तर तीन विद्यार्थी सदस्य हवेत, तेही निवडून आलेले. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडतात, हे या नियमांनी लिहून मान्य केलं.

तक्रारीनंतरच्या आधाराची गोष्टही इथे ठळकपणे आली. चौकशी चालू असताना तक्रार करणारीला रजा, हजेरीत सूट, दुसरा विभाग किंवा दुसरा गाईड देणं. ज्याच्यावर आरोप आहे त्याने तिचे पेपर तपासायचे नाहीत, तिच्या कामावर शेरा मारायचा नाही. नाव बाहेर फुटू द्यायचं नाही. पोलिसांत जायचं तर मदत करायची. चौकशी कशी करायची हे 1997 पासून लिहिलेलं होतं, पण हजेरीचा प्रश्न कुणाला सुचायला जवळपास वीस वर्षं लागली. वर्गात त्याच सरांसमोर बसवत नाही म्हणून हजेरी बुडते आणि मग परीक्षेला बसू देत नाहीत, हे प्रत्येक हॉस्टेलला ठाऊक होतं.

नव्वद दिवसांचं बंधन चांगलंच, पण घाईचीही किंमत पडते. गोवा विद्यापीठात 2009 मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने जूनच्या पहिल्या आठवड्यात अहवाल दिला आणि पुढे त्याला बडतर्फ करण्यात आलं. मुंबई उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. 12 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने मात्र बडतर्फी रद्द केली. शेवटच्या टप्प्यात सुनावण्या एकामागून एक उरकल्या, बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, हे कारण. आरोप खरे की खोटे यावर हा निकाल नव्हता. त्याच निकालात न्यायालयाने केंद्र आणि राज्यांना सांगितलं की समित्या नेमल्या तरी आहेत का, ते तपासा.

मूळ प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं, मे 2009 मध्ये चौकशी जिथे होती तिथून पुढे करा म्हणून. 2009 मध्ये वर्गात असलेल्या त्या मुली तोवर पस्तिशीच्या आसपास पोचल्या असतील.