फॉस्फो-ईआरके अँटिबॉडी

फॉस्फो-ईआरके अँटिबॉडी म्हणजे पेशीतील ईआरके या संदेशवाहक प्रथिनाचे फक्त जागे झालेले रूप ओळखणारे प्रतिपिंड. त्याचे दोन प्रकार: ईआरके-१ सुमारे ४४ किलोडाल्टनचे (हे प्रथिनांचे वजन मोजण्याचे एकक), ईआरके-२ सुमारे ४२ चे. पेशीला वाढीचा संदेश मिळाला की रास, राफ, मेक ही प्रथिने एकापाठोपाठ जागी होतात आणि मेक ईआरकेवर दोन फॉस्फेट चढवते. माणसाच्या ईआरके-१ मध्ये ते २०२ क्रमांकाच्या थ्रिओनिन आणि २०४ क्रमांकाच्या टायरोसिन या अमिनो आम्लांवर बसतात. साध्या अँटिबॉडीला निजलेले आणि जागे ईआरके सारखेच दिसते. हिला मात्र हे दोन फॉस्फेट दिसतात, आणि तिचे सारे मोल त्यातच आहे.

ती बनवताना त्या जागेचा फॉस्फेटसह छोटा तुकडा कृत्रिमरीत्या तयार करून वाहक प्रथिनाला जोडतात आणि बहुधा सशाला टोचतात. मिळालेल्या रक्तद्रवातून फॉस्फेट नसलेल्या तुकड्यालाही चिकटणारी प्रतिपिंडे काढून टाकतात. एकाच पेशीवंशातून एकसारखी प्रतिपिंडे मिळवण्याची वाट क्योलर आणि मिलस्टीन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये दाखवली. १९८४ च्या नोबेल पुरस्कारात दोघांचा वाटा होता.

गोव्यात ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ, झुआरीनगरचे बिट्स पिलानीचे संकुल अशा ठिकाणी जीवशास्त्राचे अध्यापन आणि संशोधन चालते. इथल्या हवेत काम करणाऱ्याने एक गोष्ट मनात पक्की धरावी: बर्फ आधी, बाकी सगळे नंतर. पेशी फोडताच त्यांतली फॉस्फेट उतरवणारी विकरे कामाला लागतात. म्हणून पेशींची बशी थेट बर्फावर ठेवायची, वरचा द्रव ओढून घ्यायचा आणि ही विकरे थोपवणारे सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट व सोडियम फ्लोराइड घातलेला, पेशी फोडणारा थंडगार द्राव लगेच ओतायचा. इथे रेंगाळले, तर पुढे कितीही महागडी अँटिबॉडी वापरली तरी हाती काही लागत नाही. अँटिबॉडीची कुपी सहसा उणे २० अंशांवर राहते; ग्लिसरॉल घातलेले असेल तर आतला द्रव गोठत नाही. पावसाळ्यात वीज गेली की फ्रीझरचे दार उघडून बघू नये, बंदच ठेवावे.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवण्याच्या पद्धतीत, ही अँटिबॉडी बहुतेकदा अल्ब्युमिनच्या द्रावात पातळ करून पडद्यावर रात्रभर ४ अंशांवर ठेवतात. दूध पावडर स्वस्त पडते, पण दुधातल्या केसिनवर स्वतःचेच फॉस्फेट असते आणि त्याने पडदा काळवंडू शकतो. नीट जमले तर ४४ आणि ४२ पाशी दोन रेघा एकीखाली एक उमटतात.

वेळही तितकीच महत्त्वाची. उंदराच्या जातीतल्या प्राण्यापासून मिळालेल्या पीसी-१२ पेशींना ईजीएफ हा वाढीचा घटक दिला तर ईआरके काही मिनिटांत जागे होते आणि लवकरच ओसरते. त्या पेशी वाढत राहतात. एनजीएफ हा चेतापेशींच्या वाढीचा घटक दिला तर तेच ईआरके तासन्‌तास जागे राहते आणि पेशींना चेतापेशींसारखे लांब धागे फुटतात. एकाच वेळेचा नमुना घेऊन हा फरक कधीच कळला नसता.

रेघेवर विश्वास ठेवण्यापूर्वी दोन पडताळण्या कराव्यात. मेकला अडवणारे यू-०१२६ हे रसायन दिलेल्या पेशींत रेघ विरायला हवी. आणि त्याच नमुन्यावर एकूण ईआरकेची अँटिबॉडी लावावी. फॉस्फो-रेघ नाही पण एकूण ईआरके भरपूर, तर ईआरके जागे नव्हते, नाहीतर फॉस्फेट वाटेत उतरले. दोन्ही नसतील, तर नमुनाच हुकला आहे. पुन्हा पेशींपासून सुरुवात करावी.