निसर्गसन्मुख रुग्णालयरचना

भोवतालची झाडे, ऊन, वारा आणि पाणी यांच्याशी रुग्णाचा रोजचा संबंध राहील अशा बेताने केलेली रुग्णालयाची वास्तुरचना. नुसती आवारात बाग असून भागत नाही. खाटेवर पडलेल्या माणसाला ती दिसते का, हे पाहावे लागते.

रोग दूषित हवेतून पसरतात, अशी एकोणिसाव्या शतकात समजूत होती. त्या काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दोन्ही बाजूंना खिडक्या असलेल्या लांबट, सुट्या वॉर्डांचा आग्रह धरला. समजूत चुकीची ठरली, वॉर्ड मात्र हवेशीर झाले. बार्सिलोनाचे सान्त पाउ रुग्णालय (बांधकाम १९०२–१९३०) याच वळणाचे: बागेत विखुरलेल्या इमारती आणि त्यांना जोडणारे मार्ग जमिनीखालून.

क्षयावर औषध नव्हते तेव्हा ऊन, मोकळी हवा आणि विश्रांती हाच उपचार होता. फिनलंडमधील पाइमिओ आरोग्यधाम (१९३३) पाइनच्या जंगलात उभे आहे. रुग्ण बहुतेक वेळ आडवाच असणार, हे धरून वास्तुकार आल्व्हार आल्टो यांनी खोली आखली. छत गडद हिरवट, दिव्याचा झोत डोळ्यांवर येणार नाही असा आणि पाणी पडल्याचा आवाज शेजारच्या रुग्णाला होऊ नये अशा उताराचे बेसिन. इतका बारीक विचार आजही क्वचितच आढळतो.

पुढे प्रतिजैविके आली, वातानुकूलन आले. इमारती रुंदावल्या आणि आतल्या खोल्यांच्या खिडक्याच गेल्या.

विषय पुन्हा चर्चेत आला तो रॉजर उल्रिच यांच्या १९८४ मधील अभ्यासाने. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, बाकीचे ८.७० दिवसांत, पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान होता. शिवाय झाडांचा गुण आला की भिंतीचा जाच झाला, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही.

सिंगापूरचे खू टेक पुआट रुग्णालय (२०१०) यिशुन तळ्याला लागून आहे. त्याच्या मधल्या चौकात आणि गच्च्यांवर बागा केल्या आहेत. मात्र निसर्ग सरसकट आत आणता येत नाही. कारंज्यांच्या तुषारांतून लेजिओनेला जिवाणू आणि कुंडीतल्या मातीतून बुरशी पसरू शकते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांसाठी म्हणून झाडे काचेपलीकडेच बरी. आणि अशा खोलीत खिडकीचा उंबरठा खाटेच्या उंचीपेक्षा खाली ठेवावा लागतो, नाहीतर निजल्या जागेवरून फक्त आभाळ दिसते.