निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष लिव्हरच्या पेशीत शिरल्यावर नेमकं काय होतं

उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर कुणी हिरवा रंग ओतून ठेवल्यासारखा जाड तवंग येतो ना, ते बऱ्याचदा निळं-हिरवं शेवाळ असतं. आता नावात शेवाळ आहे पण हे शेवाळ नाहीच, हे बॅक्टेरिया आहेत, सायनोबॅक्टेरिया, यांच्या पेशीत केंद्रक सुद्धा नसतं. उन्हावर स्वतःचं अन्न बनवतात आणि ऑक्सिजन सोडतात, आणि साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन साठायला लागला तो यांच्यामुळेच, म्हणजे आपण श्वास घेतोय ते यांच्या पूर्वजांच्या जीवावर. पण यातल्या काही जाती विष पण बनवतात, आणि ते विष आपल्या पेशीतल्या त्याच ऑक्सिजनला आपल्यावर उलटवतं, मला हा सगळा विषय त्यामुळेच फार महत्त्वाचा वाटतो.

सगळ्यात जास्त अभ्यास झालेलं विष म्हणजे मायक्रोसिस्टिन. सात अमिनो आम्लांची गोल साखळी, आणि गोल असल्यामुळे एकदम चिवट, पाणी उकळलं तरी तुटत नाही. उलट उकळल्यावर बॅक्टेरियाच्या पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात मोकळं होतं, शिवाय वाफ होऊन पाणी कमी होतं ते वेगळंच. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवराच्या पाण्यात हे सापडलं तेव्हा चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळून पण पिऊ नका असं सांगावं लागलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा ठेवलीय लिटरमागे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, यावरून हे विष किती जहाल आहे याचा अंदाज येईल.

आता हे पोटातून रक्तात गेलं की थेट लिव्हरलाच का पकडतं? कारण ते पेशीच्या पडद्यातून आपलं आपण आत जाऊ शकत नाही, त्याला दार लागतं. लिव्हरच्या पेशींवर पित्तातले क्षार आत ओढून घेणारी प्रथिनं असतात, त्यांना ओएटीपी म्हणतात, मायक्रोसिस्टिन त्याच दारातून आत घुसतं. प्रयोगशाळेत ज्या पेशींवर हे दार नाही त्यांना हे विष दिलं तर फारसं काही होत नाही, आणि त्याच पेशींवर हे दार बसवलं की त्या मरायला लागतात.

आत गेल्यावरचं समजायला आधी ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय ते बघू, कारण हा शब्द आजकाल प्रत्येक गोळीच्या डबीवर असतो आणि त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. आपल्या पेशीत ऊर्जा बनते मायटोकाँड्रियात, तिथे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होतं. पण थोडे इलेक्ट्रॉन मधेच निसटतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड बनतं. हे निरोगी पेशीत पण चोवीस तास चालू असतं. एक एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं आणि मग कॅटालेज नावाचं दुसरं एन्झाइम आणि ग्लुटाथायोन, म्हणजे पेशीने स्वतःच्या बचावासाठी बनवलेला एक छोटा रेणू, मिळून त्याचं पाणी करून टाकतात. बनणं आणि निस्तरणं यांचा मेळ असतो तोवर ठीक, बनणं वाढलं किंवा निस्तरणारे कमी पडले की मेळ बिघडतो, तोच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, मायक्रोसिस्टिन स्वतः फ्री रॅडिकल, म्हणजे सुपरऑक्साइडसारखा एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा आणि शेजारच्याला बिघडवणारा रेणू, नाही. ते स्वतः काही जाळत नाही, पेशीच्या आतली घडी विस्कटतं आणि मग पेशीचाच ऑक्सिजन पेशीला जाळतो.

कसं, तर पेशीत प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारे एन्झाइम असतात आणि ते काढणारे असतात, चिकटवलं की प्रथिन चालू आणि काढलं की बंद किंवा कधी उलटं, असे हजारो स्विच. मायक्रोसिस्टिन जाऊन काढणाऱ्यांना, म्हणजे पीपी१ आणि पीपी२ए या दोन फॉस्फेटेजना धरून बसतं, आधी नुसतं अडकतं आणि मग काही तासांत पक्कं रासायनिक बंधनच करतं. सगळे स्विच अडकून राहतात. पेशीचा आतला सांगाडा ढासळतो, पेशी गोल होऊन एकमेकींपासून सुटतात, जास्त डोस असेल तर लिव्हरमध्ये रक्त झिरपून साचतं. मायटोकाँड्रियाचं पण तंत्र बिघडतं, त्याच्या पडद्यावरचा विद्युतदाब कोसळतो, इलेक्ट्रॉन जास्त निसटायला लागतात आणि सुपरऑक्साइड भराभर वाढतं.

आणि नेमकं याच वेळी ग्लुटाथायोन दोन्हीकडून खर्च होत असतं. एक तर पेशी मायक्रोसिस्टिनलाच ग्लुटाथायोन जोडून बाहेर टाकायचा प्रयत्न करते, आणि दुसरीकडे वाढलेलं पेरॉक्साइड निस्तरायला पण तेच लागतं. सुरवातीला पेशी हार मानत नाही, एनआरएफ२ नावाचं प्रथिन केंद्रकात जाऊन संरक्षणाचे जीन चालू करतं, त्यामुळे कधी कधी ग्लुटाथायोन आधी वाढलेलं पण दिसतं. विष जास्त असेल किंवा येतच राहिलं तर मात्र साठा उतरत जातो. मग पडद्यातल्या चरबीवर हल्ला, तिथे एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो अशी साखळीच लागते, डीएनएच्या चार अक्षरांपैकी ग्वानिन या अक्षरावर ऑक्सिजन बसतो, मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन बाहेर पडतं आणि पेशी स्वतःला संपवायचा कार्यक्रम सुरू करते. थोडं थोडं विष वर्षानुवर्षं पोटात जाण्याची काळजी वाटते ती यामुळे, २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकाराला माणसात कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या २बी गटात टाकलंय.

हे सगळं ऑक्सिजनमुळेच होतं कशावरून? तर पेशींना आधी एन-असिटिल सिस्टिन दिलं, ज्यापासून पेशी ग्लुटाथायोन बनवते, तर नुकसान कमी होतं. कमी होतं, थांबत नाही, कारण फॉस्फेटेज अडकलेलेच राहतात. म्हणून मला वाटतं अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या खाऊन असलं पाणी पिणं सुरक्षित होईल असं कुणी म्हणत असेल तर ते धोकादायक आहे.

दुसरं एक विष आहे, सिलिंड्रोस्पर्मोप्सिन, ते तर पेशीत प्रथिनं बनणं बंद करतंच पण ग्लुटाथायोन बनणं पण अडवतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पाम आयलंडवर धरणातलं शेवाळ मारायला मोरचूद टाकलं, पेशी फुटल्या, विष पाण्यात उतरलं आणि १४८ जण आजारी पडले, त्यात बहुतेक लहान मुलं. आणि १९९६ मध्ये ब्राझीलच्या करुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यातून मायक्रोसिस्टिन आलं, ते पोटातून न जाता सरळ रक्तात, १०० रुग्णांचं लिव्हर फेल झालं आणि ५० च्या वर माणसं गेली. अत्यंत वाईट घटना.

मोरचुदाऐवजी आता एक वेगळा उपाय पण वापरतात. सायनोबॅक्टेरियांना स्वतःला पेरॉक्साइड सहन होत नाही, बाकीच्या शेवाळापेक्षा त्यांचं संरक्षण कमजोर असतं, म्हणून २००९ मध्ये नेदरलँड्समधल्या एका तलावात अगदी कमी प्रमाणात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडलं आणि काही दिवसांत जवळपास सगळे सायनोबॅक्टेरिया मेले, बाकी जीव बऱ्यापैकी वाचले, आणि पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन गेलं. विष पण काही दिवसांत उतरलं.