मोठ्या फ्रेमवर्कच्या पोटात छोटं ॲप : पार्श्वभूमी

रत्नागिरी, कुडाळ, मालवणकडे वेबसाइट करणाऱ्यांच्या हाती येणारं काम ओळखीचं असतं. साइट बागायतदाराची किंवा होमस्टेची, आणि तिच्यात मागणी किंवा बुकिंग घेणारा एक स्वतंत्र भाग. आंब्याच्या पेट्यांची नोंदणी मार्च ते मे जोरात चालते आणि पाऊस लागला की बंद. हा भाग छोटं ॲप म्हणून वेगळा लिहायचा आणि साइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभी आहे त्यात एका पत्त्यावर माउंट करायचा, म्हणजे त्या पत्त्यावर येणारं सगळं त्या ॲपकडे सोपवायचं, यात आता कुणाला नवल वाटत नाही. एके काळी मात्र यावर कडाक्याचे मतभेद होते.

मूळ सोय सीजीआयच्या, म्हणजे वेब सर्व्हरने बाहेरचा प्रोग्रॅम चालवायच्या जुन्या पद्धतीच्या, काळातली. सर्व्हर पत्त्याचे दोन तुकडे करी: ॲप जिथे बसवलंय तिथपर्यंतचा आणि त्यापुढचा. सर्व्हर आणि ॲप यांना जोडणारे पुढचे करार, पायथॉन भाषेतला डब्ल्यूएसजीआय (२००३) आणि रूबी भाषेतला रॅक (२००७), यांनी हीच विभागणी उचलली.

वाद पेटला तो २००५ मध्ये, रूबी ऑन रेल्स (थोडक्यात रेल्स) या रूबीतल्या वेब फ्रेमवर्कमध्ये. मॉडेल (माहिती), व्ह्यू (पान), कंट्रोलर (दोहोंना जोडणारा कोड) असा अख्खा संच एका साइटवरून दुसरीत नेता यावा म्हणून ‘इंजिन’ नावाचं प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडायची पुरवणी, निघालं. रेल्सच्या मूळ कर्त्याने त्याला जाहीर विरोध केला. प्रत्येक साइटचं लॉगिन वेगळं, गरजा वेगळ्या. तयार भाग जुळवून घेण्यापेक्षा नव्याने लिहिणं सोपं, अशा भागांच्या मागे लागणं म्हणजे लक्ष भरकटणं, असं त्याचं म्हणणं. लॉगिनपुरतं ते खरंच आहे. लॉगिन साइटच्या प्रत्येक पानाला शिवतं. पण पेट्यांची नोंदणी कुठे शिवते? पडवी काढायला माजघर मोडावं लागत नाही. विरोध करताना हा फरक केला गेला नाही, आणि माझ्या मते त्यामुळे काही वर्षं वाया गेली. इंजिन बाहेरचं प्लगइन राहिलं, रेल्सची आवृत्ती बदलली की ते सांभाळत बसावं लागे.

दरम्यान मर्ब या प्रतिस्पर्धी फ्रेमवर्कने ‘स्लाइस’ नावाने तीच कल्पना राबवली. डिसेंबर २००८ मध्ये मर्ब रेल्समध्ये विलीन करायचं ठरलं. २००९ च्या २.३ आवृत्तीत इंजिनांना रेल्सच्या गाभ्यात जागा मिळाली. २०१० च्या ३.० मध्ये तर मुख्य ॲप हेच इंजिनाचा एक प्रकार ठरलं आणि रूटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या यादीत, कोणतंही रॅक ॲप माउंट करता येऊ लागलं. २०११ च्या ३.१ ने माउंट केलेल्या इंजिनाला स्वतःचं नेमस्पेस (नावांची वेगळी हद्द) आणि डेटाबेसमधल्या टेबलांच्या नावांना स्वतःचा उपसर्ग दिला.

तरी वेगळेपण पुरतं आलं नाही. साइडकिक या, मागे चालणारी कामं उरकणाऱ्या रूबी लायब्ररीचा डॅशबोर्ड सिनात्रा या छोट्या रूबी फ्रेमवर्कमध्ये लिहिलेला होता आणि रेल्समध्ये माउंट होई. रेल्स ५ ला रॅकची नवी आवृत्ती हवी, तर सिनात्राची तेव्हाची स्थिर आवृत्ती जुन्या रॅकवर अडलेली. २०१६ मध्ये साइडकिकने सिनात्रा सोडून दिलं. एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच चालत्या प्रोग्रॅममध्ये, राहायचं तर लायब्ररीची आवृत्तीही एकच.

पायथॉनच्या फ्लास्क या फ्रेमवर्कमध्ये २०११ ला ब्लूप्रिंट, म्हणजे साइटचे भाग वेगळे लिहून जोडायची सोय, आले, पण ब्लूप्रिंट म्हणजे स्वतंत्र ॲप नव्हे; सेटिंग्ज मुख्य ॲपच्याच.

२०१६ नंतर मायक्रोफ्रंटएंडची, म्हणजे पानाचे तुकडे स्वतंत्र लिहून एकत्र दाखवायची, चर्चा वाढली, २०२० च्या वेबपॅक ५ या जावास्क्रिप्ट बांधणाऱ्या साधनाने ब्राउझरमध्येच तुकडे जोडायची सोय केली. त्यात फोनवर जास्तीची जावास्क्रिप्ट उतरते. बागेत उभं राहून एका दांडीच्या रेंजवर मागण्या तपासणाऱ्या बागायतदारासाठी सर्व्हरवरच माउंट केलेलं ॲप मला आजही बरं वाटतं.